विश्वासाचे कमिशन

मराठवाड्यात एखादी पतसंस्था बुडाली की चार दिवसांच्या आत उपदेशकांची फौज उभी राहते. ठेवीदार लोभी होते, जादा व्याजाला भुलले, चौकशी न करता घामाचा पैसा देऊन बसले, असा तिचा निवाडा असतो. ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या शाखांना २०२३ च्या उत्तरार्धात कुलपे लागली तेव्हा नांदेड-लातूरच्या कट्ट्यांवरही हेच ऐकू आले. बीडमधून वाढलेल्या या संस्थेत लाखो ठेवीदारांचा पैसा अडकला, जून २०२४ मध्ये तिच्या अध्यक्षांना अटक झाली, आणि ठेवींतले सुमारे २,३०० कोटी रुपये कुटे उद्योगसमूहाकडेच कर्जरूपाने वळवले गेले असा सक्तवसुली संचालनालयाचा आरोप आहे. त्या आरोपांचा निर्णय न्यायालय देईल. ठेवीदारांवरचा आरोप मात्र समाजाने केव्हाच सिद्ध मानला आहे.

हा आरोप तपासला पाहिजे. ज्या मुलखात सावकाराला शेकडा तीन रुपये दरमहा, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के मोजण्याची सवय तीन पिढ्यांची, तिथे बारा-चौदा टक्क्यांच्या आश्वासनाला हाव म्हणणे हे पोट भरलेल्यांचे नीतिशास्त्र झाले. मुखेडचा निवृत्त प्राथमिक शिक्षक किंवा अहमदपूरचा सोयाबीन उत्पादक यांच्या हाती एकरकमी पैसा येतो तो आयुष्यात दोन-चार वेळाच. त्या वेळी त्याने सल्ला घ्यायचा कोणाकडे? दारात येतो तो नात्यातला, माजी विद्यार्थी, नाहीतर गावच्या राजकारणात उठबस असलेला माणूस. तो आपुलकीने बोलतो, कागद भरून देतो, पावती घरपोच करतो. जमा केलेल्या प्रत्येक ठेवीवर त्याला काही मिळते, एवढे मात्र तो सांगत नाही. संस्थेच्या पाटीवर केंद्राच्या कायद्यान्वये नोंदणी झाल्याचे ठळक अक्षरांत असते, आणि नोंदणी म्हणजे सरकारची हमी असे वाचणारा समजतो. बँकेतील पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला २०२० पासून जे विमासंरक्षण आहे ते पतसंस्थेला लागू नाही, बहुराज्यीय संस्थेचा निबंधक दिल्लीत बसतो आणि जिल्ह्याचे सहकार खाते तिच्यापुढे हात टेकते, हे त्या पाटीवर कोण लिहील?

हा काही मराठवाड्याचा खास दोष नव्हे. पर्ल्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पीएसीएल कंपनीने जमिनीच्या नावाखाली ५ कोटी ८५ लाख लोकांकडून सुमारे ४९,१०० कोटी रुपये गोळा केले, तेही अशाच ओळखीच्या माणसांच्या जाळ्यातून. सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये परताव्याचा आदेश दिला आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्या. लोढा समिती नेमली गेली. परतावा सुरू झाला तो आधी अडीच हजारांचे दावे, मग पाच हजारांचे, अशा पायऱ्यापायऱ्यांनी. ठेवीदारांसाठी राज्याचा १९९९ चा कायदा आहेच. पण तो मालमत्ता जप्त करतो, विकतो, वाटतो; म्हणजे तो जागा होतो घर जळून गेल्यावर.

रोगाचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. सल्ला देणारा आणि माल विकणारा हे एकच तोंड आहे. जुन्या विमा कायद्याने पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर ३५ टक्क्यांपर्यंत कमिशन देण्यास मुभा ठेवली होती. असे कमिशन घेणारा मनुष्य प्रामाणिक असू शकतो, पुष्कळ असतातही. पण त्याचा प्रामाणिकपणा त्याच्याच पोटावर पाय देणारा ठरावा, ही व्यवस्था कोणी आखली? सेबीने २०१३ मध्ये गुंतवणूक सल्लागारांची वेगळी नोंदणी सुरू केली. असा सल्लागार आपली फी ग्राहकाकडून उघडपणे घेतो, विक्रीचे कमिशन घेत नाही. २०२० पासून तर नोंदणी नसलेल्या वितरकाला स्वतःला सल्लागार म्हणवून घेण्यासही बंदी आहे. कायदा चांगला आहे. पण साऱ्या देशात असे सल्लागार हजार-दीड हजारांच्या वर नाहीत, आणि जे आहेत ते महानगरांतल्या धनिकांच्या सेवेत. किनवटच्या आदिवासी शेतकऱ्यापर्यंत ते पोचायचे कसे?

एके काळी या प्रश्नाचे उत्तर शोधले जात होते. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे १९७६ मध्ये नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक सुरू झाली. खेड्यातल्या माणसाला सावकाराखेरीज दुसरे दार असावे, ही त्यामागची कल्पना होती. आज त्याच दारात गेलेल्या ठेवीदारासमोर विम्याचा अर्ज सरकवला जातो, कारण कर्मचाऱ्याच्या डोक्यावर विक्रीचे उद्दिष्ट टांगलेले असते. रिझर्व्ह बँकेची आर्थिक साक्षरता केंद्रे आहेत, पण ती बचतीचे महत्त्व शिकवतात. हाती आलेले आठ लाख नेमके कुठे ठेवावेत, हे सांगणारा माणूस तिथेही भेटत नाही. ब्रिटनने २०१२ अखेर गुंतवणुकीच्या सल्ल्यावरील कमिशनच बंद केले, तेही भांडवलशाही देश असून. आपल्याकडे ही मागणी कोणत्याही मोठ्या पक्षाच्या जाहीरनाम्यात ठळकपणे येत नाही, हे आश्चर्य म्हणावे की नाही, हा प्रश्नच आहे. पतसंस्थांच्या उद्घाटनाच्या कोनशिला वाचल्या म्हणजे पुष्कळ उलगडा होतो.

कार्यकर्त्यांनाही यातून सुटका नाही. मोर्चात पुढे चालणाऱ्याच्या शब्दाला गावात किंमत असते आणि ठेवी गोळा करणाऱ्यांना नेमकी तीच किंमत हवी असते. अशा एजन्सीचा मोह कार्यकर्त्याने टाळलाच पाहिजे. गावात कोणी योजना घेऊन आला तर चार जणांसमक्ष त्याला विचारावे: तुला पैसे कोण देतो, आणि किती? सेबीचा नोंदणी क्रमांक काय? धनादेश संस्थेच्या नावाने की तुझ्या? पैसा मुदतीआधी मागितला तर किती दिवसांत मिळेल, आणि हे सारे लिहून देतोस का? जो रागावतो, घाई करतो किंवा नात्याची आठवण देतो, त्याच्या हाती दमडी देऊ नये. मात्र एवढ्यावर थांबणे म्हणजे पुन्हा सारा भार ठेवीदाराच्याच डोक्यावर टाकणे. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी शासनाच्या पगारावरचा, कोणतीही योजना न विकणारा सल्लागार बसला पाहिजे. तो बसेपर्यंत नांदेड आणि लातूरच्या जिल्हाधिकारी कचेऱ्यांसमोर ही एक मागणी घेऊन पुन्हा पुन्हा जावे लागेल, आणि अडकलेल्या ठेवीदारांना सोबत घेऊन.