पदरमोडीची कादंबरी

धनज हे वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील गाव. कापूस, तूर आणि सोयाबीन यांवर जगणाऱ्या या मुलखातील एखाद्या तरुणाने शेतीची कामे सांभाळून, रात्री जागून तीनशे पानांची कादंबरी पुरी केली, असे क्षणभर समजू या. हस्तलिखित हाती घेऊन तो उभा राहतो तेव्हा त्याला दोनच वाटा दिसतात. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाकडे बाड पाठवून उत्तराची वाट पाहावी, किंवा पदरचे पैसे घालून स्वतःच पुस्तक काढावे. यांतील कोणती वाट बरी, असे अनेक नवे कादंबरीकार आज विचारतात. आमच्या मते प्रश्नाची ही मांडणीच अपुरी आहे.

प्रस्थापित प्रकाशक म्हणजे लेखकाचा वैरी, असे मानणे अन्यायाचे होईल. १९६३ साली पंचविशीतल्या भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली. नव्या लेखकावर भांडवल लावणारा, त्याची मुद्रिते तपासणारा आणि पुस्तक दुकानांपर्यंत पोहोचविणारा प्रकाशक साहित्याची मोठीच सेवा करीत असतो. परंतु हे दार सर्वांसाठी सारखे उघडे नसते. कोणते जीवन वाचनीय आणि कोणती भाषा शिष्ट, याचा निवाडा दाराआड बसलेले थोडे लोक करतात. खेड्यातील लेखकाला त्या निवाड्याची कारणेही कळत नाहीत.

या निवाड्याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. ते नाकारले गेले आणि त्याला छापील रूप लाभले ते १९७९ साली. ‘गुलामगिरी’ मात्र जोतीरावांनी १८७३ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केली, म्हणून ती त्यांच्या हयातीतच लोकांच्या हाती पडली. त्यांच्याच परंपरेतील मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली नगर जिल्ह्यातील खेड्यातून ‘दीनमित्र’ सुरू केला आणि तरवडीसारख्या गावी राहून तो दीर्घकाळ चालविला. ते स्वतः कादंबरीकारही होते. तेव्हा स्वप्रकाशन ही नाकारलेल्यांची पळवाट नव्हे. आपल्याकडे तिला स्वाभिमानाचा इतिहास आहे.

पण या इतिहासातील एक गोष्ट विसरता कामा नये. ‘गुलामगिरी’ निघाली त्याच वर्षी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. मुकुंदरावांच्या मागेही ही चळवळ होती. त्यांचा पैसा स्वतःचा होता हे महत्त्वाचे नाही. त्यांचा वाचक स्वतःचा होता, हे महत्त्वाचे आहे.

आजच्या स्वप्रकाशनात नेमकी हीच गोष्ट हरवलेली असते. मागणीनुसार छपाई आणि ई-पुस्तक यांमुळे खर्च उतरला, हे स्वागतार्हच आहे. परंतु छपाई सोपी झाली म्हणून वाचक जवळ आलेला नाही. शिवाय ई-पुस्तकांची मोठी पेठ बलाढ्य परदेशी कंपन्यांच्या हाती आहे आणि तिचे नियम लेखक ठरवीत नाही. त्यातच ‘स्वप्रकाशना’च्या नावाखाली सर्व खर्च लेखकाकडून आगाऊ घेणारा धंदा उभा राहिला आहे. पुस्तक विकले गेले नाही तरी अशा व्यावसायिकाचे काही बिघडत नाही; त्याचा नफा छापखान्यातच पदरात पडलेला असतो. मालाला भाव मिळत नाही, हे शेतकऱ्याचे गाऱ्हाणे आपण जाणतो. पण कापूस उचलून नेण्यासाठी शेतकऱ्यानेच व्यापाऱ्याला पैसे मोजावेत, असे कोणी म्हटले तर आपण काय म्हणू? लेखकाच्या बाबतीत हेच घडते आणि त्याला संधी म्हटले जाते. कविता चार पानांच्या पत्रकावरही छापता येते. कादंबरीला भांडवल लागते, म्हणून कादंबरीकारच यात अधिक भरडला जातो.

तिसरी वाट आहे, आणि ती सहकाराची आहे. केरळात कोट्टायम येथे १९४५ साली बारा लेखकांनी अवघ्या १२० रुपयांच्या भांडवलावर साहित्य प्रवर्तक सहकारी संघ स्थापन केला. लेखकच प्रकाशनसंस्थेचे मालक झाले. महाराष्ट्रात १९७५ पासून ‘ग्रंथाली’ने वाचकांची चळवळ उभारली. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) ही पुस्तके तिनेच काढली. खुद्द कारंज्यातही उदाहरण आहे. तेथील जैन भांडारांतील अपभ्रंश काव्यांच्या पोथ्या १९३० नंतरच्या दशकात कारंजा जैन ग्रंथमालेतून छापून निघाल्या. संपादनाला डॉ. हिरालाल जैन यांच्यासारखे विद्वान लाभले आणि द्रव्य स्थानिक चवरे घराण्याच्या देणगीतून आले. शतकानुशतके बासनात पडलेले ग्रंथ जगापुढे आले ते बाजाराच्या कृपेने नव्हे आणि एकट्याच्या पदरमोडीनेही नव्हे.

ही वाट तयार होईपर्यंत लेखकाने आपले हक्क तरी जाणून घ्यावेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतर लेखीच असावे लागते आणि त्यात स्वामित्वधनाचा उल्लेख हवा. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. पुस्तकाला लागणारा आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात शासकीय यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो. खर्चाच्या यादीत त्याचा आकार दिसला तर जाब विचारावा. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही पहिल्या पुस्तकासाठीच आहे.

कार्यकर्त्यांना आमचे सांगणे एवढेच आहे. गावात कोणी कादंबरी लिहीत असेल तर ती छापण्यापूर्वी दहा जणांनी बसून वाचावी आणि रोखठोक मत द्यावे. शंभर वाचकांनी आगाऊ वर्गणी भरावी. ग्रामीण ग्रंथालयांनी ते पुस्तक मागून घ्यावे. पाच-सहा तालुक्यांतील लेखक एकत्र आले तर सहकारी प्रकाशनसंस्था हे स्वप्न राहणार नाही. शेतकऱ्याने संघटित व्हावे असे आपण इतकी वर्षे सांगत आलो. त्याच्याच घरात लिहिणाऱ्या मुलाला मात्र बाजारात एकटे सोडायचे, हे समाजवादी म्हणविणाऱ्यांना शोभणारे नाही.