पहिल्या सरीआधी पाळ बघून या

धरण म्हटलं की कोयना नाहीतर जायकवाडी डोळ्यांसमोर येतं. तिथं पगारी माणसं आहेत, नोंदवह्या आहेत. ज्या पाण्याला वाली नाही, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. जंगलाच्या कडेचं वनतळं, 1972 च्या दुष्काळी कामावरचा जुना पाझर तलाव, भंडारा-गोंदियाकडची बोडी, किंवा चार मित्रांनी जमीन घेऊन पाखरांसाठी, जनावरांसाठी हौसेनं केलेलं तळं. ओढ्यावर मातीची पाळ घातली, पाणी साठलं, बगळे आले, चितळं आली, आपण फोटो काढले. पाळीकडे मात्र पुन्हा कुणी पाहिलं नाही.

तळं लहान आहे, फुटून फुटून काय फुटणार, असं वाटतं. हिशेब करा. चाळीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि सरासरी दोन मीटर खोल तळ्यात चोवीस लाख लिटर पाणी मावतं. म्हणजे 2,400 टन. दहा टनी ट्रकच्या 240 खेपा. पाळ फुटली तर ते सगळं थोड्या वेळात खालच्या खाचरांवर, विहिरीवर आणि ओढ्याकाठच्या झोपडीवर जातं.

माती कच्ची असते असं मात्र समजू नका. गोंदिया जिल्ह्यातला नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात घातला, असं तिकडे सांगतात. मारुती चितमपल्ली जिथं वनाधिकारी होते ते नवेगाव हेच. मातीच्या पाळीमागचं ते पाणी आज राष्ट्रीय उद्यानातल्या जनावरांच्या आणि पाखरांच्या कामी येतं. माती टिकते, फक्त तिच्याकडे दरवर्षी कुणीतरी बघावं लागतं.

बघायचं कुठून? सांडव्यापासून. झाडीपट्टीत ज्याला सलंग म्हणतात, ती जादा पाणी जाण्याची वाट. मातीच्या पाळीवरून पाणी वाहू लागलं की ती वाचत नाही. आधी बारीक घळ पडते, मग भगदाड. त्यामुळे सांडवा मोकळा हवाच. आणि तो बुजवणारे बहुतेक वेळा आपणच असतो. आणखी हातभर पाणी राहावं म्हणून कुणी तोंडाशी दगड आणि वाळूची पोती रचतो. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून कुणी जाळी लावतो, आणि पहिल्याच पुरात तिला पालापाचोळा चिकटून तिची भिंत होते. दोन्ही काढून टाका. मासे गेले तर जाऊ देत. सांडव्याची पातळी आणि पाळीचा माथा यांत निदान तीन फूट अंतर हवं. पाळ नवी असेल तर ती मधोमध खचते आणि डोळ्यांना कळतही नाही. गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन माथ्याची पातळी या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासा. जिथं खोलगट निघेल तिथूनच पाणी उलटणार.

आता खेकड्यांविषयी. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि वीसहून अधिक माणसं वाहून गेली. तेव्हाच्या मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर ढकलला आणि महाराष्ट्रभर त्याची चेष्टा झाली. चेष्टा रास्तच होती, कारण धरण गळतंय ही गावकऱ्यांची तक्रार आधीपासून होती. पण त्या हशात एक खरी गोष्ट वाहून गेली. लहान पाळीला बिळं पडतात. खेकडे पाडतात, घुशी पाडतात, साळिंदर तर माणूस आत शिरेल एवढं उकरतो. बीळ जनावरानं केलं तरी ते बुजवायचं काम आपलं राहतं. जनावरांसाठीच तळं केल्यावर त्यांच्यावर चिडून चालणार नाही. आणि बिळात थायमेट टाकायचा विचार तर मनातही आणू नका, कारण तेच पाणी सगळे पितात. बीळ रिकामं असल्याची खात्री करा, शेवटापर्यंत खणत जा, आणि किंचित ओलसर चिकणमाती वीत-वीत जाडीच्या थरांनी भरून प्रत्येक थर धुमसाने ठोका. नुसतं तोंड लिंपलं तर आतली पोकळी तशीच राहते.

पाळीच्या पाठीमागे, कोरड्या बाजूच्या पायथ्याशी, उन्हाळ्यातही हिरवा पट्टा दिसतो का? पायाखाली भुसभुशीत लागतं का? थोडा पाझर बहुतेक पाळींना असतो. पाणी नितळ असेल आणि वाढत नसेल तर खुणेची काठी रोवा आणि आठवड्याला बघत राहा. पाणी गढूळ आलं तर गोष्ट वेगळी. ते पाणी पाळीच्या आतली माती घेऊन बाहेर पडतं आहे, म्हणजे आत नळी तयार होते आहे. काचेच्या ग्लासात पाणी धरा आणि थोडा वेळ ठेवा. तळाशी गाळ बसला तर त्याच दिवशी हालचाल करा. पाळीतून पाइप गेला असेल तर त्याच्या अंगाने हात फिरवून बघा, कारण पाइप आणि माती यांची सांध कच्ची राहते. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हाही पाळ खचली होती ती पाणी सोडण्याच्या मोरीवरच.

झाडांबद्दल बोललं की निसर्गप्रेमी मंडळी माझ्यावर रागावतात. रागवा, पण पाळीवर झाडं लावू नका. वड-पिंपळ नको, सुबाभूळ नको, बांबूही नको. वादळात झाड उन्मळलं तर मुळांसकट पाळीचा लचका जातो. वाळलं तर मुळं कुजतात आणि पाण्याला आयत्या नळ्या मिळतात. मनगटाएवढी रोपं आत्ताच काढा. मोठं जुनं झाड असेल तर मात्र घाईनं तोडू नका, कारण त्याची मुळंही आत कुजणार. आधी जाणत्या माणसाला दाखवा. पाळीवर हरळी वाढू द्या, वाळा लावा, आणि गवत पावसाआधी कापा, म्हणजे भेगा नि बिळं दिसतील. काळ्या मातीच्या पाळीला उन्हाळ्यात बोटभर भेगा पडतात. त्या भरल्याशिवाय पहिला पाऊस येऊ देऊ नका. झाडं लावायची तर तळ्याच्या वरच्या अंगाला लावा. सावली तिथंही पडते.

जनावरांची वाटही पाळीवरून जाऊ नये. पाण्याला यायला समोरच्या काठावर पसरट उतार करा, मिठाचा खडा तिकडेच ठेवा. म्हशी किंवा डुकरं पाळीच्या पोटाशी लोळू लागली की दगडी पिचिंग ढासळतं. गाळ काढताना यंत्रवाल्याला आधीच बजावा की पाळीच्या पायथ्याजवळ खणायचं नाही. त्याला माती हवी असते आणि पायथ्याची माती हाताशी असते. तळं वनखात्याच्या हद्दीत असेल तर वनरक्षकाला सोबत घ्या, परस्पर कुदळ चालवू नका.

आणि समजा, ऐन पावसात गढूळ पाणी लागलंच. तर आधी ओढ्याकाठच्या लोकांना उठवा. त्यानंतर ग्रामपंचायत, तहसीलदार, आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा 1077. गढूळ पाणी निघतंय ते तोंड चिखलानं बुजवू नका, पाणी दुसरीकडून फुटेल. त्यावर आधी वाळू, वर बारीक खडी, त्यावर जाड खडी असा ढीग घाला. पाण्याला वाट राहते आणि माती अडते. पंपाने पाणी उपसा, पण दमानं. एकदम उतरवलं तर आतली ओली बाजू घसरून पडते. पाळ फोडून पाणी काढायचं डोक्यात येईल. फोडलेली पाळ आपल्या मापानं फुटत नाही. आणि माथा खचतो आहे असं दिसलं तर सगळं सोडून खाली उतरा.

येत्या रविवारी सकाळी जा. तास-दीड तास पुरतो. सोबत कुणालातरी घ्या, आणि काठी विसरू नका. पाळीवरच्या भोकांत साप असतात.