कुंडीला पाणी कोण घालते?

वाचकहो, दवाखान्यात येणारी मंडळी केवळ दुखणी घेऊन येत नाहीत. कधी नातवाचा निकाल येतो, कधी न समजलेले विम्याचे पत्र येते. माझ्या प्रतीक्षाकक्षात चार कुंड्या असल्यामुळे असेल, अलीकडे आजारी झाडांची छायाचित्रेही येऊ लागली आहेत. काही महिन्यांपूर्वी रक्तदाब तपासून घेण्यासाठी आलेल्या एका पन्नाशीच्या गृहस्थांनी असेच एक छायाचित्र दाखवले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वडिलांनी उभे केलेले करसल्लागाराचे कार्यालय आता ते चालवतात. 78 वर्षांचे आप्पा आजही रोज सकाळी दोन-तीन तास तेथे येऊन बसतात. त्यांच्या मेजाशेजारी डिफेनबेकियाची जुनी कुंडी आहे. मोठ्या हिरव्या पानांवर पांढुरके शिंतोडे असतात, तेच हे झाड. त्याची खालची पाने एकामागून एक पिवळी पडत होती. “खत कमी पडतंय का, डॉक्टर?”

बाहेर रुग्ण खोळंबले होते. “पडत असेल, थोडं घालून बघा,” असे म्हणून मी मोकळा झालो. रुग्णाला न तपासता औषध सांगणाऱ्यांवर याच सदरातून मी अनेकदा टीका केली आहे. पंधरा दिवसांनी दुसरे छायाचित्र आले. त्यात पिवळेपणा तर होताच, शिवाय पानांची टोकेही करपली होती. मग मात्र एका रविवारी मी स्वतः जाऊन झाड पाहिले.

निदान करायला अर्धा मिनिट लागला. मातीत बोट घातले तर दोन पेरांपर्यंत चिखल, आणि आंबूस वास. खोड बुंध्याशी मऊ पडलेले. प्लॅस्टिकची कुंडी शोभेच्या चिनी मातीच्या कुंडीत ठेवलेली होती. ती उचलली, तर तळाशी चार बोटे पाणी साचलेले.

मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळे गुदमरून कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही, म्हणून चिखलात उभे असलेले झाडही तहानल्यासारखे माना टाकते. आपण ते पाहतो आणि कळवळून आणखी एक तांब्या ओततो. त्यातच मी खत सुचवले होते! खतातील क्षारांनी उरलीसुरली मुळेही भाजली. करपलेली टोके ही माझ्या सल्ल्याची पावती होती.

म्हणून पान पाहण्याआधी माती पाहावी. माती कोरडी, कुंडीच्या कडेपासून सुटलेली आणि कुंडी उचलायला हलकी असेल, तर ती खरी तहान. सर्वांत खालचे एखादे जुने पान अधूनमधून पिवळे पडत असेल, तर ते वयोमान. तिकडे लक्ष देऊ नये. खिडकीच्या बाजूच्याच पानांवर फिकट, भाजल्यासारखे डाग असतील तर ऊन थेट लागते आहे. नुसती टोके तपकिरी होत असतील, तर वातानुकूलित खोलीतील कोरडी हवा, खताचा अतिरेक किंवा बोअरचे जड पाणी यांचा संशय घ्यावा. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने तो टिपून काढता येतो.

आम्ही झाड बाहेर काढले, काळी लिबलिबीत मुळे कापून टाकली, पांढरी टणक मुळे तेवढी ठेवली आणि वाळू व कोकोपीट मिसळलेल्या नव्या मातीत ते लावले. शोभेची कुंडी माळ्यावर गेली.

पण इतके पाणी आले कोठून? चिरंजीव म्हणाले, आठवड्यातून दोनदाच घालतो. तेव्हा कार्यालयातला मदतनीस मुलगा बिचकत म्हणाला, “काका घालतात ना. सकाळपासून चार-पाच वेळा. घातलं म्हणून सांगितलं तर रागावतात.”

खोलीत कोणी काही बोलले नाही. घरी आप्पा जेवलो की नाही ते पुन्हा विचारत. वय झाले म्हणून ते सोडून दिले जात होते.

वाचकहो, घरातील वडीलधारी व्यक्ती तेच काम पुन्हापुन्हा करू लागली, तर “वयच झालंय” म्हणून थांबू नका. जीवनसत्त्व बी 12 ची कमतरता, थायरॉइडचे मंदावलेले काम, रक्तातील सोडियम उतरणे, मनाचे औदासीन्य, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या या कारणांनीही विस्मरण होते आणि त्यांवर उपाय असतात. आप्पांचे बी 12 कमी निघाले. इंजेक्शनांनी थोडी तरतरी आली. विसरणे मात्र पूर्ण गेले नाही. मेंदूविकारतज्ज्ञांचे उपचार सुरू आहेत, आणि हा स्मृतिभ्रंश पुढे वाढत जाईल याची कुटुंबाला कल्पना दिली आहे.

आता ते झाड कार्यालयातून हलवण्यास मी सांगितले, त्यामागे वेगळे कारण होते. डिफेनबेकिया हा अळूच्याच कुळातला. अळू नीट शिजले नाही तर घसा का खाजतो, हे आपल्या स्वयंपाकघरांना ठाऊक आहे. तेच कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक याच्या पानाखोडात असतात. पान चावले गेले तर तोंडाची आग होते, जीभ सुजते, बोलता येईनासे होते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला आणि रांगत्या बाळाला काहीही तोंडात घालण्याची सवय असू शकते. असे घडल्यास तोंडातील तुकडे काढून चुळा भरायला लावाव्यात, थंड पाणी किंवा दूध घोटघोट द्यावे, उलटी करवू नये. श्वास किंवा गिळणे अवघड झाले तर तत्काळ रुग्णालय गाठावे. मनीप्लांटही याच कुळातला, हे लक्षात असू द्यावे.

आणखी एक. कुंडीखालच्या बशीतल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. तिची अंडी कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहू शकतात, तेव्हा बशी नुसती ओतून न देता आठवड्यातून एकदा घासावी.

चिरंजीवांचा विचार सगळ्याच कुंड्या काढून टाकण्याचा होता. मी विरोध केला. ज्या माणसाच्या हातून हिशेबाची कामे गेली, त्याच्या हातून पाण्याचा तांब्याही काढून घ्यायचा? मेजाशेजारी आता कॅलथिया आहे. तिची पाने रुंद, विषारी नाहीत आणि तिला ओलसर माती मानवते. मदतनीस सकाळी एक लहान बाटली भरून ठेवतो. ती रिकामी झाली की दिवसाचे पाणी संपले. शेजारी ओले फडके असते, कारण पाने कितीही वेळा पुसली तरी चालतात.

गेल्या आठवड्यात मी तिकडे डोकावलो. आप्पा पाने पुसत होते. पानांवर धुळीचा कणही नव्हता. मला पाहून म्हणाले, “या डॉक्टर, बसा. जरा सांगा, याला आज पाणी घातलंय का कुणी?”

मी बाटलीकडे पाहिले. रिकामी होती. “घातलंय, आप्पा. तुम्हीच घातलंय.”

“असं का,” म्हणाले, आणि पुढचे पान हाती घेतले.