एका तासाचा शहजादा

ईदच्या दुसऱ्या दिवशी आपाकडे गेलो होतो. शीरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या झाल्या, मोठी माणसं गप्पांत रमली आणि भाचा कंटाळून माझ्याजवळ आला. "मामू, तुम्ही माझ्याएवढे होता तेव्हा कुठला गेम खेळायचात?" मी त्याच्या लॅपटॉपवर जुना 'प्रिन्स ऑफ पर्शिया' लावून दिला. आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये हा गेम एका फ्लॉपीत होता आणि त्या फ्लॉपीसाठी भांडणं व्हायची.

भाचा पाच मिनिटांत तीन वेळा खड्ड्यात पडला. मग वैतागून म्हणाला, "हा उडी उशिरा का मारतो? रीमेक करताना हे आधी दुरुस्त करायला हवं."

त्याचं म्हणणं खोटं नाही. धावताना बटण दाबलं तर शहजादा एक-दोन पावलं टाकून मग झेप घेतो. थांबायला सांगितलं तर पाय घासत थांबतो. आजच्या खेळांतले नायक बोट लावताच उडतात. पण हा उशीर चुकून राहिलेला नाही. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्यातली एकेक हालचाल कॉम्प्युटरवर उतरवली. खऱ्या मुलाच्या अंगाला वजन असतं, म्हणून शहजाद्यालाही आहे. कड्यावर बोटं टेकवून तो लोंबकळतो तेव्हा आपल्याच पोटात गोळा येतो. हा उशीर काढला तर गेम सोपा होईल, पण तो गोळा जाईल. मग राहिलं काय?

गेम १९८९ साली 'ॲपल टू' या कॉम्प्युटरवर आला. त्याची मेमरी इतकी तोकडी होती की शत्रूंची वेगळी चित्रं ठेवायला जागाच नव्हती. तेव्हा मेकनरने शहजाद्याचीच चित्रं किंचित सरकवून त्यांतून एक चमकणारी सावली तयार केली. (पहारेकरी बसवायला जागा झाली ती बरीच नंतर, खटपट करून.) शहजादा आरशातून उडी मारतो आणि ही सावली दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. पुढे ती त्याचं औषध पिऊन टाकते, त्याच्या तोंडावर दार लावते. शेवटी दोघे तलवारी घेऊन समोरासमोर येतात. सावलीला जखम केली की आपल्यालाच होते. तलवार म्यान करून तिच्याकडे चालत जायचं, मग दोघं एक होतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कळायला कित्येक दिवस लागले आणि कळलं तेव्हा मी घरभर ओरडत फिरलो होतो.

आज मेमरीला तोटा नाही. रीमेक करणाऱ्याला शंभर राक्षस घालता येतील, सावलीच्या वेळी पडद्यावर सूचनाही देता येईल. ती सूचना देणाऱ्याला माझ्या लेखी माफी नाही.

तासाच्या मुदतीचंही तसंच. वजीर जाफर शहजादीला कोंडतो: एका तासात माझ्याशी निकाह कर, नाहीतर मर. खेळणाऱ्याच्याही हातात साठच मिनिटं. मेलात तर लेव्हल पुन्हा सुरू होते, पण गेलेली मिनिटं परत येत नाहीत.

मग बदलायचं काय? चित्रं बदला, आवाज बदला, बटणं सोयीची करा. २००७ मध्ये आलेल्या 'क्लासिक' आवृत्तीने हेच केलं. भिंती, सापळे, वाटा जवळपास जुन्याच, रंगरूप नवं. आणि एक गोष्ट खुशाल बदला, तो म्हणजे इराण. दुष्ट वजीर, कोंडलेली शहजादी, लांब लढाईवर गेलेला सुलतान, हा सगळा मसाला पश्चिमेतल्या सिनेमांचा आहे. लहानपणी आम्हाला जाफर हे नाव ऐकून हसू यायचं, कारण त्या नावाचे दोन शेजारी होते आणि दोघेही गरीब स्वभावाचे. २०२४ मध्ये आलेल्या 'द लॉस्ट क्राउन'मध्ये पात्रं फारसीत बोलताना ऐकायची सोय आहे आणि गोष्ट घडते कोह-ए-काफवर. आपल्या नानी-दादींच्या परीकथांतला तोच डोंगर. मात्र तो रीमेक नाही, नवा गेम आहे. ज्याला एवढं बदलायचंय त्याने नवाच करावा, हे मला प्रामाणिकपणाचं वाटतं.

भाच्याने विचारलं, "वेळ मागे नेता येत नाही का?" येते, पण ती २००३ च्या 'सँड्स ऑफ टाइम'मध्ये. त्यात हिंदुस्थानी महाराजाच्या खजिन्यातला खंजीर शहजाद्याला मिळतो आणि त्यातल्या वाळूने घडलेलं उलटं फिरवता येतं. महाराजाची मुलगी फराह त्याच्यासोबत लढते. माझ्या मते त्यातल्या लढाया रटाळ आहेत, त्या बदलल्या असत्या तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. या गेमचा रीमेक २०२० मध्ये जाहीर झाला आणि काम होतं युबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे! मला कोण अभिमान वाटला. पण ट्रेलर आला आणि जगभरच्या चाहत्यांनी चित्रं जुनाट म्हणून खिल्ली उडवली. तारीख पुढे गेली, पुन्हा गेली. २०२२ मध्ये काम कॅनडातल्या मॉन्ट्रियलला, मूळ गेम जिथे झाला तिथे गेलं. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो बंदच केला.

ट्रेलर पाहून मीही नाक मुरडलं होतं, खोटं कशाला सांगू. आज वाटतं, आम्ही फक्त चेहऱ्यांची कातडी बघत बसलो. उडीला वजन होतं का, हे कोणी विचारलंच नाही, आणि आता ते हातात घेऊन पाहताही येणार नाही.

भाच्याला मी 'शिफ्ट' दाबून एकेक पाऊल टाकायला शिकवून घरी परतलो. परवा रात्री त्याचा फोन आला. "मामू, माझ्यासारखाच एकजण समोर आलाय. त्याला मारलं की मीच मरतो. काय करू?"

"किती मिनिटं उरलीत?"

"चार."

मी काही सांगितलं नाही. मागून आपा ओरडत होती की जेवण थंड होतंय.