कूटपद्धतीची परीक्षा उघड्यावर हवी

ठाणे-बेलापूर मार्गालगतच्या तळवलीत, जुन्या घराच्या पडवीत काय किंवा नव्या इमारतीच्या जिन्याखाली काय, महावितरणचा स्मार्ट मीटर बसला की विजेचा हिशेब बिनतारी मार्गाने थेट दप्तरी दाखल होऊ लागतो. आणि तो वाटेत कोणी वाचू वा फिरवू नये म्हणून भारतीय मानकाने १२८ बिटांच्या किल्लीची एईएस ही कूटपद्धती नेमून दिली आहे. तिची विश्वासार्हता गुप्ततेतून आलेली नसून तिच्यावर झालेल्या उघड हल्ल्यांतून सिद्ध झालेली आहे, ही गोष्ट आपल्या खरेदी खात्यांनी मनावर घेणे अगत्याचे आहे.

१९९७ साली कूटतज्ज्ञ डेमन व रायमन यांनी एईएसची पूर्वज ‘स्क्वेअर’ प्रसिद्ध केली, तेव्हा क्नुडसेन यांच्यासह लिहिलेल्या त्याच निबंधात तिच्यावरील हल्लाही छापला. सोळा बाइटांच्या संदेशातील पंधरा स्थिर ठेवून उरलेल्या एकाला ० ते २५५ ही सर्व मूल्ये दिली, तर संदेशावर पुन्हा पुन्हा केल्या जाणाऱ्या मिसळणीच्या तीन फेऱ्यांनंतर त्या २५६ संदेशांची, हातचा न धरता केलेली द्विमान बेरीज प्रत्येक स्थानी शून्य भरते. हल्लेखोराने पुढील फेरीच्या किल्लीविषयीचा तर्क घेऊन एक पायरी मागे यावे. बेरीज शून्य आली नाही, तर तो तर्क निश्चितपणे बाद. एईएसच्या दहा फेऱ्यांपैकी सातव्याच्या पलीकडे ही युक्ती पोहोचत नाही, आणि उरलेल्या तीन हाच आपला खरा तारणठेवा होय.

तथापि दाराची कुलुपे, वस्तूंवरील चिपा, पाण्याचे मीटर अशा अल्पशक्ती उपकरणांसाठी ज्या हलक्या कूटपद्धती योजल्या जातात, त्यांत प्रत्येक फेरीचे गणित मुद्दाम सोपे ठेवलेले असल्यामुळे बेरजेचे हे शून्य पुष्कळ फेऱ्या टिकून राहण्याचा संभव असतो. मात्सुई यांनी १९९५ साली रचलेली, आंतरराष्ट्रीय मानकात स्थान मिळालेली ‘मिस्टी१’ घ्या: तब्बल वीस वर्षे ती अभेद्य राहिली आणि २०१५ साली योसुके तोदो यांनी हेच तंत्र सूक्ष्म करून तिच्या आठही फेऱ्या भेदल्या. त्या हल्ल्याला लागणारे संदेश इतके अफाट आहेत की व्यवहारात भय नाही. परंतु रचना प्रसिद्ध होती, म्हणूनच तिची मर्यादा जगाला कळली.

नवी मुंबई महानगरपालिका असो वा एखादे सरकारी महामंडळ, अशा उपकरणांच्या निविदेच्या मसुद्यातच कूटपद्धतीचे नाव, तिच्या एकूण फेऱ्या आणि प्रसिद्ध हल्ला कितव्या फेरीपर्यंत पोहोचला आहे, एवढा तपशील ठेकेदाराकडून लेखी घेण्याचे कलम असावे. आणि जो ठेकेदार व्यापारी गुपिताची सबब सांगून तो देण्याचे नाकारील, त्याची निविदा दर उघडण्यापूर्वीच बाद करावी.