सरावातला अतिरेकी कोणत्या वेशात येणार?

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचे सराव झाले. भोंगे वाजले, काही ठिकाणी दिवे मालवले गेले. हल्ला झाला तर कसे वागायचे हे विद्यार्थ्यांनाही शिकवा, असे केंद्रीय गृह मंत्रालयाने कळविले होते. महाराष्ट्रातील १६ ठिकाणांच्या यादीत अमरावती नव्हते आणि अकोलाही नव्हते. परंतु आज ना उद्या असा सराव आपल्या शाळांच्या पटांगणातही होईल. त्याला आमचा विरोध नाही. सराव झालाच पाहिजे. प्रश्न एवढाच की, तो कसा व्हावा हे कोण ठरवणार आणि त्यातून आपले लेकरू काय शिकून घरी येणार?

सराव का हवा, याचे उत्तर कुंभकोणमने दिले आहे. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील त्या गावी शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपराला लागली आणि ९४ बालके जळून मेली. त्या घटनेनंतरच्या अविनाश मेहरोत्रा प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, शिक्षणाच्या मूलभूत हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो. म्हणजे शाळेत सुरक्षित असणे ही संस्थाचालकाची मेहेरबानी नव्हे, तो संविधानाच्या अनुच्छेद २१-अ ने दिलेला हक्क आहे. ज्या शाळेत खिचडी शिजते तिथे आग कशी विझवायची हे माहीत असणे आणि मागचे दार कुलूपबंद नसणे, ही सुरक्षेची पहिली पायरी आहे. अतिरेक्यांचे नाट्य त्यानंतर.

आणि त्या नाट्याचाच खरा धोका आहे. जानेवारी २०२३ मध्ये आपल्याच विदर्भातील चंद्रपूर येथे महाकाली मंदिरात पोलिसांचे मॉक ड्रिल झाले. त्यात अतिरेकी झालेल्यांच्या तोंडी एका विशिष्ट धर्माच्या घोषणा घातल्या गेल्या. हे व असेच अन्य सराव जनहित याचिकेद्वारे न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, सरावात कोणत्याही विशिष्ट समाजाच्या व्यक्तीला अतिरेकी म्हणून दाखवू नका, असा अंतरिम आदेश पोलिसांना दिला. हा आदेश प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचावा असे आम्हाला वाटते.

कारण आमच्या वऱ्हाडात ही बाब पुस्तकी नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती पेटली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल झाली, एकाचा जीव गेला. दंगल शमते, पण दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात, त्याच बाकावर निरनिराळ्या वस्त्यांतील मुले शेजारी बसतात. अशा वर्गासमोर दाढी लावलेला, घोषणा देणारा 'अतिरेकी' नाचवला, तर मधल्या सुट्टीत कोणत्या मुलाला त्या नावाने हाक मारली जाईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. नावावरून, आडनावावरून मूल हिणवले जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलांचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. सरावाच्या नावाखाली ती मनाई उठत नाही.

मग पालकांनी करायचे काय? त्याच कायद्याच्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व असले पाहिजे. अनेक ठिकाणी आपली माणसे तिथे फक्त सहीपुरती असतात. ती सही करण्याआधी तोंड उघडा. सरावाची तारीख पालकांना आधी कळवणार काय? बंदुकीचे बार, खोटे रक्त लहान मुलांसमोर येणार नाही ना? अपंग मुलाला कोण बाहेर काढणार? आई निंदणाला आणि बाप मिस्त्रीच्या हाताखाली गेलेला असेल, तर लेकरू कोणाच्या ताब्यात देणार, त्याचे नाव व फोन शाळेत नोंदला आहे काय? विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही. तिथल्या पालकांनी हेच प्रश्न लेखी अर्जाने विचारावेत आणि अर्जाची पोच घ्यावी.

घरीही थोडे काम आहे. सरावाच्या आदल्या रात्री मुलाला जवळ घेऊन सांगा की, उद्याचा भोंगा खरा नाही, तो शिकण्यासाठी आहे. धावायचे नाही, ढकलायचे नाही, बाई सांगतील त्या रांगेत जायचे, लहान मुलाचा हात धरायचा. संध्याकाळी विचारा, तुला भीती वाटली का? कोणी कोणाला काही बोलले का? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' आले, तर दुसऱ्याच दिवशी शाळेत जा. हिणवले गेलेले मूल आपले नसले तरी जा.

बाबासाहेबांनी स्वातंत्र्य आणि समता यांच्या जोडीला बंधुता ठेवली. एकमेकांविषयी बंधुभाव वाढवणे हे अनुच्छेद ५१-अ नुसार प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. संकटात मुलाला वाचवणारा पहिला हात बहुधा शेजारच्याच मुलाचा असतो. त्या हाताचा संशय शिकवणारा सराव मुलांना सुरक्षित करत नाही. म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे की, आपल्या शाळेच्या समितीची पुढची बैठक कधी आहे ते आजच विचारा आणि हा विषय लेखी द्या.