तबकडीत अडकलेला आवाज



मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्याच वस्तीतल्या एक वहिनी घरी आल्या. जयभीम केला, बसल्या आणि पिशवीतून तळहातावर मावतील अशा तीन छोट्या तबकड्या काढून टेबलावर ठेवल्या. म्हणाल्या, "भाऊ, ह्यात आमच्या सासूबाई आहेत. दुकानदार म्हणतो, ह्यात काहीच नाही, फेकून द्या."

हकीकत अशी. २००७ साली त्यांच्या नणंदेचे लग्न झाले. दिरांनी आखातातून आणलेल्या कॅमेऱ्यावर घरच्या घरी शूटिंग केले. हळदीच्या दिवशी सासूबाई जात्यावर बसून ओव्या म्हणाल्या, त्याही त्यात आल्या. २०१२ साली म्हातारी गेली. त्या ओव्या घरात दुसऱ्या कोणाला येत नाहीत. आता नातीचे लग्न ठरले आहे आणि तिला आजीचा आवाज ऐकायचा आहे. एवढीच मागणी. पण दुकानदाराच्या संगणकावर तबकडी "ब्लँक" दाखवते.

आम्ही एक तबकडी उजेडात तिरपी धरली. मधल्या भोकाच्या बाजूने बराच भाग वेगळ्या छटेचा दिसला. कोऱ्या तबकडीवर असा पट्टा नसतो. म्हणजे शूटिंग आत होते. मग दिसत का नव्हते? कारण ती "फायनलाइझ" केलेली नव्हती.

हे आम्हा कारकुनांना पटकन कळते. फाईलमध्ये कागद सगळे आहेत, पण अनुक्रमणिका लावलेली नाही आणि नोंदवहीत आवक क्रमांक नाही. अशी फाईल दुसऱ्या टेबलावर गेली की तिथला माणूस म्हणतो, सापडत नाही. ज्या कॅमेऱ्याने शूटिंग केले त्याला स्वतःचे कागद कुठे आहेत ते ठाऊक असते. बाहेरच्या प्लेयरला किंवा संगणकाला ते कळण्यासाठी शेवटी अनुक्रमणिका लिहावी लागते. ते काम म्हणजे फायनलाइझ. लग्नाच्या गडबडीत ते कोण करतो?

ह्या तबकड्या म्हणजे ८ सेंटिमीटरची मिनी डीव्हीडी. हिताचीने असा पहिला कॅमेरा २००० साली काढला, सोनीचे २००३ पासून आले. एका तबकडीत १.४ गीगाबाइट, म्हणजे साध्या दर्जाचे साधारण ३० मिनिटांचे शूटिंग मावते. पुढे मेमरी कार्डाचे कॅमेरे आले, हे मागे पडले आणि तबकड्या कपाटात राहिल्या.

म्हणून पहिले सांगणे हे की, जुना कॅमेरा भंगारात देऊ नका. वहिनींच्या दिरांचा कॅमेरा कल्याणला माळ्यावर सापडला. बॅटरी मेली होती, पण चार्जर होता. थेट विजेवर कॅमेरा लावला, तबकडी घातली आणि छोट्या पडद्यावर हळदीचा मांडव दिसला. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

फायनलाइझ करताना कॅमेरा विजेवरच ठेवावा, हलवू नये, झाकण उघडू नये. काही मिनिटे लागतात. मेनूत त्याच्याच आसपास "फॉर्मॅट" असेही एक काम असते. त्याला हात लावू नका. पुन्हा वापरायच्या तबकडीवर ते दाबले की सगळे पुसले जाते. कॅमेरा मिळालाच नाही तर त्याच कंपनीचा तसाच दुसरा कॅमेरा मिळतो का पाहावे. आयसोबस्टरसारखे प्रोग्रामही अशी तबकडी वाचण्याचा प्रयत्न करतात.

आता संगणकाचे काम. नव्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह बहुधा नसतो; यूएसबीचा बाहेरून लावायचा ड्राइव्ह घ्यावा. तो ट्रेचा असावा, ज्याच्या मधोमध लहान तबकडीसाठी खोलगट जागा असते. फटीतून तबकडी आत ओढणाऱ्या यंत्रात ही छोटी तबकडी घालू नये, अडकून बसते.

तबकडी उघडली की "व्हिडिओ टीएस" नावाचा फोल्डर दिसतो. आधी तो सगळा जसाच्या तसा हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावा. तीच आपली मूळ प्रत. त्यातल्या व्हॉब नावाच्या फायलींत चित्र आणि आवाज असतो. अशी एक फाईल १ गीगाबाइटपेक्षा मोठी होत नाही. शूटिंग लांबले की उरलेले दुसऱ्या फायलीत जाते. पहिलीच फाईल बदलून दिली तर हळद अर्ध्यावर तुटते. दुकानात काम दिले असेल तर मिनिटे मोजून घ्या. काही तबकड्यांत ह्या फोल्डरऐवजी व्हीआरओ ही एकच फाईल असते. तीही उतरवून घ्यावी. व्हीएलसी ह्या मोफत प्लेयरवर ती बहुधा चालते.

फोनवर चालणारी एमपीफोर फाईल करण्यासाठी हँडब्रेक हा प्रोग्राम मोफत मिळतो. त्यात पूर्ण फोल्डर उघडावा, एकेक फाईल नव्हे. हलत्या माणसांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसत असतील तर "डीइंटरलेस" सुरू करावे. मूळ चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे आहे. ते मोठे करून स्पष्टता वाढत नाही, फाईल मात्र फुगते. माणसे रुंद किंवा बारीक दिसू लागली तर लांबी-रुंदीचे प्रमाण चुकले असे समजावे.

वहिनींच्या दोन तबकड्या नीट उतरल्या. तिसरी शेवटाला अडखळली. शूटिंग आतून बाहेर लिहिले जाते आणि बाहेरच्या कडेला बोटे लागलेली होती. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसली. गोल गोल पुसू नये, चरे पडतात. पुन्हा लावली. तरी शेवटची चारेक मिनिटे आली नाहीत. पाठवणीच्या वेळी सासूबाई लेकीला काहीतरी सांगत होत्या, ते त्या चार मिनिटांत होते. पाच वर्षे आधी तबकडी बाहेर काढली असती तर? ह्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नाही. ह्या तबकड्यांत नोंद एका रंगद्रव्याच्या थरावर होते. ऊन आणि उष्णता त्याला मानवत नाही. पत्र्याच्या घरातले कपाट उन्हाळ्यात किती तापते ते आपण जाणतो.

ओव्या मात्र पूर्ण आल्या. त्या संध्याकाळी नात, तिची आई आणि शेजारच्या चार बायका आमच्या खोलीत बसून ऐकत होत्या. नातीने वही काढली आणि ओव्या उतरवून घेतल्या.

तेव्हा बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी कपाट उघडा. फाईल झाली की तिच्या नावात साल, प्रसंग आणि गाव लिहा. कोण कोण दिसते ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वहीत नोंदवा. दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत दर्जाने उतरते, ती मूळ समजू नका. आणि हे सगळे झाले तरी तबकडी फेकू नका.

आपल्या आज्यांनी लिहून काही ठेवले नाही, त्यांना लिहिताच येत नव्हते. त्यांचा आवाज हेच त्यांचे लिखाण. तो वाचवायला एक रविवार पुरतो.